ऑलिव्ह तेल: भूमध्य सागराकाठचा बाजार, प्रती आणि कायदे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवरचे बहुतेक शब्द कायद्याने बांधलेले आहेत. तिची किंमत मात्र दक्षिण स्पेनमध्ये वसंतात पाऊस किती पडला यावर फिरते. या दोन गोष्टी नीट कळल्या तर खरेदी करणारा, आयात करणारा आणि बाजाराचा अभ्यास करणारा, तिघांचेही निम्मे प्रश्न सुटतात. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हा बाजार नेमका कुठे ठरतो?

तेल निघते स्पेन, इटली, ग्रीस, पोर्तुगाल, ट्युनिशिया, तुर्कस्तान, मोरोक्को अशा भूमध्य सागराभोवतीच्या पट्ट्यात. पण बऱ्या हंगामात जगाच्या उत्पादनाचा सुमारे ४० टक्के वाटा एकट्या स्पेनचा असतो. स्पेनमध्येही आंदालुसियातला हाएन हा प्रांत सगळ्यांत मोठा. तिथे ६ कोटींहून अधिक झाडे आहेत आणि त्यांतली बहुतेक पिकुआल या एकाच वाणाची. त्यामुळे हाएनच्या घाण्यावर जो भाव फुटतो, तोच जगाचा घाऊक भाव समजला जातो.

बातमी वाचताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. हंगामाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे मोजतात, म्हणून ‘२०२३-२४’ म्हणजे २०२३ च्या हिवाळ्यात तोडलेल्या फळांचे तेल. आणि घाऊक भाव किलोचा असतो, बाटली लिटरची. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१६ ग्रॅम भरते. किलोला ९ युरो म्हणजे लिटरला सव्वाआठ युरो. हा फरक विसरून केलेला हिशेब ८ टक्क्यांनी चुकतो.

२०२३-२४ मध्ये भाव इतके का भडकले?

लागोपाठ दोन वर्षे मोहर जळाला, हे मुख्य कारण.

ऑलिव्हला मोहर येतो मेच्या सुमारास. त्याआधी जमिनीत ओल हवी आणि फुलोऱ्याच्या दिवसांत हवा बेताची हवी. पारा ३५ अंशांपलीकडे गेला आणि कोरडा वारा सुटला की परागकण वाळतात, फळधारणा होत नाही. कोकणातल्या आंबा बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. २०२२ चा मे स्पेनमध्ये असाधारण उष्ण गेला. पुढच्या वर्षी तर २७ एप्रिललाच कोर्दोबा विमानतळावर ३८.८ अंश नोंदले गेले. स्पेनच्या मुख्य भूमीवरचा एप्रिल महिन्यातला हा विक्रम होता. त्यात दुष्काळाने धरणांचे तळ दिसू लागले होते, त्यामुळे ठिबकवर असलेल्या बागांनाही पाणी तोडून मिळाले.

स्पेनचे उत्पादन २०२१-२२ मध्ये सुमारे १४.९ लाख टन होते. पुढच्या हंगामात ते साधारण ६.६ लाख टनांवर आले आणि त्यानंतरच्या हंगामात साडेआठ लाखांच्या आसपास राहिले. एका वर्षाची तूट मागच्या साठ्यातून भरून निघते. दुसऱ्या वर्षी भरून काढायला साठाच उरला नव्हता. २०१९-२० मध्ये किलोला २ युरोच्या आसपास विकले जाणारे एक्स्ट्रा व्हर्जिन जानेवारी २०२४ मध्ये ९ युरोच्या घरात पोहोचले.

हापूससारखाच ऑलिव्हलाही वर्षाआड भरघोस फळण्याचा स्वभाव आहे. ज्या फांदीने यंदा फळ धरले ती पुढच्या वर्षी विसावते. त्यामुळे दरवर्षीची थोडी चढउतार नेहमीचीच असते, तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. विसाव्याच्या वर्षावर दुष्काळ येऊन आदळला की मात्र बाजार हादरतो.

भाव उतरले तरी दुकानात बाटली लगेच स्वस्त का झाली नाही?

२०२४ मध्ये पाऊस वेळेवर झाला, २०२४-२५ चे स्पेनचे उत्पादन पुन्हा सुमारे १४ लाख टनांवर गेले आणि २०२५ च्या वसंतापर्यंत घाऊक भाव किलोला ४ युरोंच्या खाली आला. पण बाटली भरणाऱ्याकडे महागात घेतलेले तेल टाक्यांमध्ये पडून असते आणि सुपरमार्केटशी त्याचे करार काही महिन्यांचे असतात. तो साठा संपेपर्यंत दुकानातला भाव हलत नाही. भारतात त्यावर जहाजाचा प्रवास, सीमाशुल्क आणि वितरकाकडचा साठा यांचे आणखी काही महिने चढतात. चढताना भाव लवकर पोहोचतो, उतरताना रेंगाळतो, ही ग्राहकांची तक्रार रास्त आहे.

पुढचा भाव कसा राहील, हे कोणत्या आकड्यांवरून समजते?

स्पेनची अन्न माहिती व नियंत्रण संस्था दर महिन्याला चार आकडे देते: सुरुवातीचा साठा, उत्पादन, आयात आणि महिन्याभरात बाहेर पडलेले तेल. पहिल्या तिघांच्या बेरजेतून चौथा वजा केला की शिल्लक मिळते. ३० सप्टेंबरची शिल्लक सर्वांत महत्त्वाची. तोडणी ऑक्टोबरमध्ये सुरू होत असली तरी नवे तेल जोमाने यायला डिसेंबर उजाडतो. मधल्या काळासाठी निदान दोन महिन्यांच्या विक्रीइतका साठा हाताशी नसेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेजी येते.

यासोबत पाहायच्या गोष्टी म्हणजे मार्च-एप्रिलचा पाऊस, मेमधले कमाल तापमान आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस. हा शेवटचा पाऊस फळ फुगवतो आणि कधी कधी रडकुंडीला आलेला हंगाम सावरतो. मेच्या आधी कोणी ‘यंदा इतके लाख टन’ असे छातीठोक सांगत असेल तर तो फक्त अंदाज समजावा.

एक्स्ट्रा व्हर्जिन, व्हर्जिन आणि नुसते ‘ऑलिव्ह तेल’ यांत कायद्याने फरक काय?

युरोपियन युनियनचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत. नियम २०२२/२१०४ विक्रीची मानके ठरवतो आणि २०२२/२१०५ तपासणीच्या पद्धती. त्यांनी १९९१ पासून चालत आलेल्या जुन्या नियमाची जागा घेतली. प्रती अशा:

एक्स्ट्रा व्हर्जिन: फक्त यांत्रिक पद्धतीने काढलेले, मुक्त आम्लता ०.८ टक्क्यापर्यंत, चवीत एकही दोष नाही आणि फळाचा गंध हवाच. पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे हवेने तेल किती बिघडू लागले याचे माप, २० च्या आत.

व्हर्जिन: आम्लता २ टक्क्यांपर्यंत, किंचित दोष चालतो.

लांपांते: त्याहून वाईट. नावाचा अर्थच दिव्याचे तेल. एके काळी खरोखर दिव्यात जाळायचे. हे जसेच्या तसे खाण्यासाठी विकता येत नाही, ते रिफायनरीत जाते.

ऑलिव्ह तेल, म्हणजे नुसते एवढेच नाव असलेले: रिफाइंड तेलात थोडे व्हर्जिन मिसळलेले, आम्लता १ टक्क्यापर्यंत. किती व्हर्जिन मिसळायचे याचे किमान प्रमाण कायद्यात नाही, म्हणून दोन कंपन्यांच्या याच प्रतीच्या बाटल्यांची चव खूप वेगळी लागू शकते.

यानंतर पोमेस, त्याबद्दल पुढे.

ग्राहकाने एक ओळ शोधावी. एक्स्ट्रा व्हर्जिनच्या बाटलीवर ‘थेट ऑलिव्हपासून आणि केवळ यांत्रिक पद्धतीने मिळवलेले उत्कृष्ट श्रेणीचे तेल’ अशा अर्थाचे वाक्य युरोपात सक्तीचे आहे.

कमी आम्लता म्हणजे चवीला सौम्य का?

नाही. ही आम्लता जिभेला कळतच नाही. फळ चेंगरले, सडले किंवा माशीने पोखरले की तेलाचे रेणू तुटून मेदाम्ले सुटी होतात. त्यांचे प्रमाण म्हणजे आम्लता. ती फळाच्या प्रकृतीची खूण आहे. घशाला जाणवणारा तिखटपणा आणि जिभेवरचा कडूपणा फिनॉल गटातल्या द्रव्यांचा असतो आणि तो गुण धरला जातो. ठसका लागला म्हणून तेल खराब ठरवू नका.

लेबलवर आम्लता छापायची असेल तर तिच्यासोबत पेरॉक्साइड मूल्य, मेणाचे प्रमाण आणि अतिनील शोषण (तेल अतिनील किरण किती शोषते, यावरून शिळेपणा कळतो) हेही त्याच आकाराच्या अक्षरात छापावे लागते. एकटा ‘०.२’ मोठ्या अक्षरात मिरवणारी बाटली युरोपच्या नियमात बसत नाही.

कायदा चव घेऊन प्रत ठरवतो म्हणजे काय?

खाद्यतेलांमध्ये ही गोष्ट विरळा आहे. प्रयोगशाळेतले सगळे आकडे बरोबर आले तरी चाखणाऱ्या मंडळाने दोष सांगितला तर तेल एक्स्ट्रा व्हर्जिन राहत नाही. पद्धत माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेने आखलेली आहे. ही परिषद १९५९ पासून काम करते.

मंडळात ८ ते १२ प्रशिक्षित माणसे असतात. प्रत्येकापुढे गडद निळ्या काचेचा बुटका पेला येतो. काच निळी अशासाठी की तेलाचा हिरवा-पिवळा रंग दिसून मत बनू नये. पेल्यात साधारण १५ मिलिलिटर तेल, वर काचेची झाकणी, तापमान २८ अंश. अर्धा तास आधीपासून विडी-सिगारेट आणि कॉफी बंद, अंगावर अत्तर नको. आधी झाकणी काढून वास, मग छोटा घोट. तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि ओठांमधून हवा आत ओढायची, म्हणजे वास घशामागून नाकात चढतो. दोन नमुन्यांच्या मध्ये सफरचंदाची फोड आणि पाणी. प्रत्येक जण १० सेंटिमीटरच्या रेषेवर प्रत्येक गुणाची आणि दोषाची तीव्रता खुणेने दाखवतो. सरासरी न काढता मध्यक घेतात, म्हणजे एखाद्याचे टोकाचे मत निकाल फिरवत नाही. दोषाचा मध्यक शून्य आणि फळगंध शून्याच्या वर असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिन. दोष ३.५ पर्यंत असेल तर व्हर्जिन. त्यापुढे लांपांते.

मराठीत या दोषांना तयार शब्द आहेत. पोत्यात किंवा ढिगात तापून आंबलेल्या फळांचा वास, तळाच्या गाळाचा घाण वास, बुरशीचा कुबटपणा, दारू-व्हिनेगरसारखा आंबूसपणा, खवटपणा, आणि थंडीने गोठलेल्या फळांचा ओल्या लाकडासारखा वास. घरी वर्षभर उघडी राहिलेली शेंगदाणा तेलाची बरणी हुंगली असेल तर खवट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

निकाल मान्य नसेल तर मालकाला आणखी दोन मान्यताप्राप्त मंडळांकडून फेरतपासणी मागता येते. व्यापाऱ्यांचा एक गट ही पद्धत मानवी आणि म्हणून बेभरवशाची आहे असे वर्षानुवर्षे म्हणत आला आहे. आमच्या मते ती टिकायला हवी. नाकाला जे कळते त्याची पूर्ण जागा घेणारे यंत्र अजून कायद्यात आलेले नाही.

घाण्यावर तेल बिघडते ते कोणत्या टप्प्यावर?

बहुतेक वेळा घाण्याच्या दारात पोहोचण्याआधीच.

झाडावरून काढलेले आणि जमिनीवर पडलेले फळ वेगळे ठेवायचे, हा पहिला नियम. जमिनीवरचे फळ वेगळ्या हौदात घेतात आणि त्याचे लांपांते होते. दोन्ही एकत्र केले की चांगले तेलही गेले. दुसरा नियम वेळेचा. तोडणीपासून २४ तासांत दळण व्हावे. ट्रॉलीत उंच ढीग करून फळ रात्रभर ठेवले तर खालचे चेंगरते, रस सुटतो, ढीग आतून तापतो आणि आंबणे सुरू होते. हात घातला तर ऊब लागते. त्या उबेचा वास तेलात उतरतो आणि नंतर कशानेही जात नाही.

पुढचा क्रम असा: पाला उडवणे, धुणे, हातोडी-चक्कीत बियांसकट दळणे, मग लगदा मळणे. मळणी संथ फिरणाऱ्या पात्यांच्या हौदात होते, साधारण ३० ते ४५ मिनिटे, २७ अंशांच्या आत. इथे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. घाणेवाल्याला मोह होतो तो इथे. तापमान ३५ वर नेले आणि तासभर जादा मळले की तेल थोडे अधिक निघते, पण सुगंध उडतो आणि फिनॉल घटतात. त्यानंतर आडव्या सेंट्रिफ्यूजमध्ये तेल वेगळे होते. स्पेनमध्ये १९९० च्या दशकापासून दोन वाटांची पद्धत रुळली, म्हणजे एका वाटेने तेल आणि दुसरीने बाकी सगळे. ती जादा पाणी घेत नाही, पण मागे ओला, चिखलासारखा चोथा सोडते. शेवटी स्टीलच्या टाक्या, वर नायट्रोजनचा थर आणि १५ ते १८ अंश तापमान. टाकीच्या तळाचा गाळ वेळेवर काढला नाही तर तोही आंबतो आणि वरचे उत्तम तेल नासवतो.

साधारण ५ किलो फळातून एक किलो तेल निघते.

‘कोल्ड प्रेस्ड’ हा शब्द खरा मानावा का?

युरोपात याचे दोन अर्थ काटेकोर आहेत. ‘पहिले थंड गाळप’ हे जुन्या हायड्रॉलिक दाबयंत्रावर, चटयांच्या चळतीतून, २७ अंशांच्या आत काढलेल्या तेलालाच लिहिता येते. अशी यंत्रे आता फार थोडी उरली आहेत. सेंट्रिफ्यूजवर त्याच तापमानात काढले तर ‘थंड पद्धतीने काढलेले’ असे लिहायचे. आपल्याकडचा लाकडी घाणा डोळ्यांपुढे आणून ही बाटली घेऊ नये. दुसरे गाळप हा प्रकार एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये मुळात नसतोच.

पोमेस म्हणजे नेमके काय? ते वाईट असते का?

तेल काढल्यावर उरलेला चोथा, आपल्या भाषेत पेंड. तिच्यात थोडे तेल अडकलेले असते. ती सुकवून, बहुधा हेक्सेनसारख्या द्रावकाने ते काढतात, रिफाइन करतात आणि थोडे व्हर्जिन मिसळून ‘ऑलिव्ह पोमेस तेल’ या नावाने विकतात. ते बेकायदा नाही, विषारी नाही, तळायला चालते. पण त्याला नुसते ‘ऑलिव्ह तेल’ म्हणणे ही फसवणूक आहे.

पेंड फार तापवून सुकवली तर बेन्झोपायरीन नावाचे घातक द्रव्य तयार होते. २००१ मध्ये स्पेनने याच कारणाने पोमेस तेलाची विक्री थांबवली होती. आज युरोपात खाद्यतेलांत या द्रव्याची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम आहे.

भारतातही पोमेस खूप विकले जाते. बाटलीच्या पुढच्या बाजूला झाडाची फांदी आणि मागे बारीक अक्षरात ‘पोमेस’ असते. ‘लाइट’, ‘प्युअर’, ‘क्लासिक’ या युरोपच्या कायद्यातल्या प्रती नाहीत. ‘लाइट’मध्ये उष्मांकही कमी नसतात, तेल कोणतेही असो, ग्रॅमला ९ कॅलरी. हलका असतो तो फक्त रंग आणि वास.

इटालियन नावाच्या बाटलीत स्पेनचे तेल कसे?

इटली जितके तेल खाते आणि निर्यात करते तितके पिकवत नाही. ती स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाकडून टँकरने तेल घेते, मिश्रण करते, बाटलीत भरते. हे कायदेशीर आहे, अट एवढीच की लेबल खरे बोलले पाहिजे. व्हर्जिन आणि एक्स्ट्रा व्हर्जिनवर मूळ देश लिहिणे जुलै २००९ पासून सक्तीचे आहे. मूळ म्हणजे जिथे फळ तोडले आणि घाण्यावर घातले ती जागा. बाटली कुठे भरली, हे मूळ नव्हे. मागच्या बाजूला ‘युरोपियन युनियनमधील तेलांचे मिश्रण’ किंवा ‘युनियनमधील व बाहेरील तेलांचे मिश्रण’ असे वाचायला मिळाले तर पुढच्या बाजूचा तिरंगी झेंडा विसरा.

ट्युनिशियाला दरवर्षी ५६,७०० टन तेल युरोपात शुल्काविना पाठवता येते. त्यापलीकडे व्हर्जिनवर किलोला साधारण सव्वा युरो शुल्क आहे. पण बाटलीत भरून युनियनबाहेर परत पाठवायचे असेल तर ते शुल्क लागत नाही. अमेरिकेत किंवा आशियात पोहोचणाऱ्या कितीतरी ‘युरोपियन’ बाटल्यांमागे ट्युनिशियातल्या स्फाक्सचा शेतकरी आहे. नाव मात्र दुसऱ्याचे होते, ही ट्युनिशियाची जुनी खंत आहे.

भेसळ कशी पकडतात? घरी ओळखता येते का?

फ्रिजमध्ये ठेवून थिजते का पाहणे, वाटीत घेऊन पेटवून पाहणे, या चाचण्यांना काही अर्थ नाही. थिजणे मेण आणि मेदाम्लांच्या प्रमाणावर अवलंबून असते. उत्तम तेल कधी थिजते, कधी नाही. मिसळलेलेही थिजू शकते.

प्रयोगशाळा प्रत्येक चोराच्या पावलाचा वेगळा ठसा शोधते. रिफाइंड तेल मिसळले असेल तर स्टिग्मास्टाडाइन सापडते. ते तेल तापवून विरंजन करतानाच तयार होते, म्हणून व्हर्जिन तेलात त्याची मर्यादा किलोला अवघी ०.०५ मिलिग्रॅम आहे. मोहरी कुळातले रेपसीड मिसळले तर ब्रासिकास्टेरॉल वाढते. सूर्यफूल आणि सोयाबीन ट्रायग्लिसराइडच्या मोजणीत उघडे पडतात.

सर्वांत अवघड प्रकार वेगळा आहे. आंबलेल्या फळांचे तेल कमी तापमानात, निर्वातात हळूच गंधमुक्त करायचे आणि एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये मिसळायचे. त्यात परके तेल नसतेच. पण फळ आंबताना अल्कोहोल तयार झालेले असते, त्याचे मेदाम्लांशी मिळून इथाइल एस्टर बनतात आणि गंध काढला तरी ते मागे उरतात. म्हणून एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये त्यांची मर्यादा किलोला ३५ मिलिग्रॅम ठेवली आहे.

कागदोपत्री साखळीही तितकीच महत्त्वाची. इटलीत तेलाची प्रत्येक हालचाल सरकारी इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत चढवावी लागते. स्पेननेही २०२१ च्या आदेशाने घाऊक तेलाच्या हालचालींची अशीच नोंद आणली. विकलेले तेल फळांच्या वजनातून निघूच शकत नसेल तर बाटली न उघडताही चोरी दिसते.

नियम इतके कडक कशामुळे झाले?

बरीचशी मुळे १९८१ मध्ये आहेत. औद्योगिक वापरासाठी अनिलीन मिसळून अखाद्य केलेले रेपसीड तेल स्पेनमध्ये फेरीवाल्यांनी पाच लिटरच्या बिनलेबलच्या कॅनमधून स्वस्त खाद्यतेल म्हणून विकले. सुमारे २०,००० माणसे आजारी पडली, शेकडो मेली आणि अनेकांना आयुष्यभराचे अपंगत्व आले. सुटे तेल म्हटले की स्पेनमध्ये आजही अंगावर काटा येतो, त्याचे हे कारण.

आज युरोपात किरकोळ विक्री जास्तीत जास्त ५ लिटरच्या डब्यातूनच होते आणि एकदा उघडल्यावर पूर्ववत बंद होणार नाही असे झाकण लागते. हॉटेलांच्या टेबलावर पुन्हा भरता न येणारीच बाटली हवी, हा नियम पोर्तुगालने २००५ मध्ये आणि स्पेनने २०१४ पासून लागू केला. युरोपियन आयोगाने २०१३ मध्ये तो सगळीकडे आणायचे ठरवले होते, पण टीकेपुढे मागे घेतला. ग्रीसमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून १७ किलोचा पत्र्याचा डबा घेण्याची रीत मात्र कायद्याला पुरून उरली आहे.

सरकारे भावात हात घालतात का?

घालतात, आणि प्रत्येक हाताचे परिणाम वेगळे.

मंदीत: युरोपियन युनियनच्या कायद्यात एक्स्ट्रा व्हर्जिनचा संदर्भ भाव टनाला १,७७९ युरो आहे. भाव फार घसरले तर साठवणुकीला अनुदान मिळते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ते दिले गेले. हा संदर्भ भाव आजच्या उत्पादन खर्चापुढे फारच तोकडा आहे आणि तो बदलायला हवा. भरघोस वर्षी थोडे तेल सक्तीने बाजूला ठेवण्याची तरतूदही स्पेनने २०२१ मध्ये करून ठेवली. स्पेनच्या अन्नसाखळी कायद्याने शेतकऱ्याकडून उत्पादन खर्चाच्या खाली खरेदी करायला मनाई आहे.

तेजीत: स्पेनने ऑलिव्ह तेलावरचा मूल्यवर्धित कर १० वरून जानेवारी २०२३ मध्ये ५ टक्के केला, जुलै २०२४ मध्ये शून्यावर आणला, ऑक्टोबरपासून २ टक्के आणि जानेवारी २०२५ पासून ४ टक्के केला. ब्रेड आणि दुधाच्या पंक्तीला ऑलिव्ह तेल बसले ते तेव्हा. तुर्कस्तानने ऑगस्ट २०२३ मध्ये सुट्या तेलाची निर्यातच थांबवली. घरचा ग्राहक सावरावा हा हेतू, पण मोठे पीक हाती असलेल्या शेतकऱ्यांच्या हातून जगातली चढी किंमत निसटली.

व्यापारयुद्धात: ऑक्टोबर २०१९ मध्ये विमाने बनवणाऱ्या कंपन्यांच्या अनुदानावरून झालेल्या वादात अमेरिकेने स्पेनच्या बाटलीबंद तेलावर २५ टक्के शुल्क लावले. इटलीला वगळले, सुट्या तेलालाही वगळले. २०२१ मध्ये ते स्थगित झाले. ऑलिव्हचा विमानांशी काडीचा संबंध नव्हता.

पुल्यात ऑलिव्हची झाडे का वाळली?

इटलीच्या टाचेवर, गाल्लिपोलीजवळ, ऑक्टोबर २०१३ मध्ये झायलेला फास्टिडिओसा हा जीवाणू सापडला. तो खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो. आधी शेंड्याची पाने भाजल्यासारखी होतात, मग फांदी, मग झाड. तो पसरवणारा किडा वसंतात तणावर पांढऱ्या फेसात वाढतो. म्हणून वसंतात नांगरून किंवा कापून तण काढणे तिथे कायद्याने सक्तीचे झाले. बाधित झाडाभोवती ठरावीक अंतरातली निरोगी झाडेही तोडण्याच्या नियमावर मोठा लढा झाला. जून २०१६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो नियम उचलून धरला.

सालेंतोमधली, म्हणजे पुल्याच्या या दक्षिण टोकाकडची, लाखो झाडे गेली. त्यांत शेकडो वर्षांची होती, पिळदार खोडांची, एकेकाला कवेत घ्यायला दोन-तीन माणसे लागावीत अशी. ओल्यारोला आणि चेल्लीना हे तिथले जुने वाण रोगाला बळी पडतात. लेच्चिनो आणि एफएस-१७ हे दोन तग धरतात, पुनर्लागवड मुख्यतः त्यांचीच होते. अजून औषध नाही.

कुंपणासारख्या दाट बागांमुळे बाजार बदलतो आहे का?

झपाट्याने. पारंपरिक बागेत हेक्टरी १०० च्या आसपास झाडे, अतिदाट बागेत १,५०० ते २,०००. आर्बेकिना, आर्बोसाना, कोरोनेइकी हे बुटके राहणारे वाण, ठिबक, आणि ओळीवरून चालत जाणारे तोडणी यंत्र. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्पन्न सुरू होते आणि मजुरी नावापुरती. पोर्तुगालच्या आलेंतेजूत अल्केवा धरणाच्या पाण्यावर असा मोठा पट्टा उभा राहिला. रात्री यंत्राने तोडणी करताना झोपलेले पक्षी मरू लागले, तेव्हा आंदालुसियात रात्रीची तोडणी थांबवावी लागली.

यात मरण डोंगरउतारावरच्या जुन्या बागांचे आहे. तिथे यंत्र चढत नाही, खर्च कितीतरी जास्त, आणि बाजार दोन्ही तेलांना एकच भाव देतो. ती झाडे गेली तर उतारावरची मातीही जाईल. प्रदेशनिष्ठ भौगोलिक मानांकन आणि वाणाचे नाव सांगून विकणे, हाच त्यांना सध्या उरलेला मार्ग दिसतो.

भारतात आयात करताना किंवा घेताना काय तपासावे?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मानकेही एक्स्ट्रा व्हर्जिनला ०.८ टक्क्याचीच मर्यादा ठेवतात. आयातदाराने पाहायचे ते असे: सीमाशुल्क वर्गवारीत ऑलिव्ह तेल १५०९ मध्ये आणि पोमेस १५१० मध्ये येते, बीजकावर यात गल्लत असेल तर न्हावा शेवाला माल अडकतो. मालासोबत त्याच खेपेचा विश्लेषण अहवाल घ्या. त्यात आम्लता, पेरॉक्साइड, अतिनील शोषण आणि इथाइल एस्टर हे चारही हवेत. आम्लता आयुष्यभर फारशी हलत नाही, पेरॉक्साइड आणि अतिनील शोषण मात्र उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये झपाट्याने वाढतात. भरताना २.४० असलेले के-२३२ हे अतिनील शोषणाचे मूल्य मुंबईत पोहोचेपर्यंत २.५० ची मर्यादा ओलांडू शकते. म्हणून खरेदीच्या करारात १.९० किंवा २.०० ची अट घालणे शहाणपणाचे.

घरच्या खरेदीसाठी: गडद काच किंवा पत्र्याचा डबा, दुकानातल्या दिव्याखाली न ठेवलेला. हंगामाचे वर्ष छापलेले असेल तर उत्तम, कारण सगळे तेल त्याच हंगामाचे असेल तरच ते छापता येते. ‘बेस्ट बिफोर’ भरणारा स्वतः ठरवतो, ती तारीख दूर आहे म्हणून तेल ताजे असे नाही. लहान बाटली घ्या, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा आणि शेगडीच्या बाजूच्या फळीवर ठेवू नका. स्वयंपाकघरातली तीच जागा सर्वांत सोयीची असते आणि तेल तिथेच सर्वांत लवकर खवट होते.